मनाची जखम आणि सोबत



पॉवर प्रेसवर बोटे गमावलेले कामगार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. हाताची जखम भरून येते. पण पुढे कितीतरी दिवस प्रेसचा ठोका कानी पडला की माणसाला घाम फुटतो, रात्री तो दचकून उठतो. घरचे म्हणतात, ‘कर्माचे भोग, देवाचे नाव घे.’ कुणी कार्यकर्ता म्हणतो, ‘भरपाई मिळाली, मिटले.’ आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्याने तर जखमी माणसालाच अपराधी ठरविले जाते.

मग अध्यात्माचा उपयोग काय? साने गुरुजींकडे पाहा. त्यांची आई १९१७ साली वारली. ते दुःख सोळा वर्षे मनात राहिले आणि १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ होऊन कागदावर उतरले. त्या पुस्तकात प्रकरणे नाहीत, बेचाळीस रात्री आहेत. श्याम एकांतात रडत बसत नाही. प्रार्थना झाल्यावर आश्रमातल्या सोबत्यांना सांगतो आणि ते ऐकतात. तिथे प्रार्थना दुःखाचे तोंड दाबीत नाही, ती त्याला वाट करून देते. त्र्यंबकेश्वराहून पंढरीला निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांनाही हेच बळ मिळते. शेजारी चालणाऱ्यापाशी मन मोकळे करता येते, आणि कुणी ‘रडू नको’ म्हणत नाही.

आजचे मानसोपचारही विश्वासाच्या माणसापाशी, आपल्या गतीने बोलण्याला महत्त्व देतात. अपघात होताच खोदून खोदून विचारू नये, असेही तज्ज्ञ बजावतात.

पण श्रद्धा म्हणजे चिलखत नव्हे. एवढ्या भक्तिभावाच्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपले जीवन संपविले. यावरून कुणी त्यांची श्रद्धा उणी ठरवू नये. इतरांचे अश्रू पुसणाऱ्यालाही कुणीतरी विचारावे लागते, एवढे मात्र आपण ध्यानात ठेवावे.

म्हणून आमची मागणी चौपदरी आहे. जखमी माणसाला भरपाई द्या. यंत्राला गार्ड बसवा. ज्या यंत्राने बोटे नेली ते तसेच उघडे असताना भीती जाईल कशी? मनाचा डॉक्टर दाखवा, त्यात लाज कसली? आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसा. तो बोलला तर ऐका, भजन म्हणाला तर टाळ धरा, गप्प राहिला तर आपणही गप्प बसा. उपदेश मात्र करू नका.