नोंद कोणाची, यंत्र कोणाचं?

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



केसच्या नोंदी ठेवायला आम्ही एक अ‍ॅप करून घ्यायचं ठरवलं. ते कोणत्या यंत्रांवर चालावं आणि कोणत्या अवजारांनी बनवावं, हे आम्ही कसं ठरवलं ते मला सांगायचं आहे. ‘हे संगणकवाल्या पोरांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतं?’ असं आधी मीही म्हणायचे. आता म्हणत नाही. त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं फक्त आपल्याकडेच असतात.

आमच्या लोखंडी कपाटात जुन्या वह्या आहेत. १ मे १९९९ ला हिंगोली परभणीपासून वेगळा जिल्हा झाला, काही वह्या त्याच्याही आधीच्या. शाई फिकी झाली, कोपरे कुरतडले, तरी आजही वाचता येतात. त्याच कपाटात तेव्हा हौसेनं संगणकावर टाइप केलेल्या नोंदींच्या सीडी आहेत. त्या उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की मजकूर गेला. खरं तर देवनागरीसकट युनिकोड १९९१ मध्येच आलं होतं. पण घराघरातल्या संगणकांना ते कळायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्या मधल्या काळात आमच्याकडे आलेल्या बायांचं बोलणं त्या सीडींत अडकलं आहे.

म्हणून पहिला नियम ठरला. अवजार आज आहे, उद्या नसेल. नोंद राहिली पाहिजे. प्रत्येक नोंद युनिकोडमधल्या साध्या मजकुरात असावी आणि सगळ्या नोंदी एका बटणानं बाहेर काढता याव्यात. ज्या अ‍ॅपमधून नोंद बाहेर काढता येत नाही, ते कितीही देखणं असो, घ्यायचं नाही.

दुसरा प्रश्न, यंत्रं कोणती? आम्ही कागदावर यादी केली. सेनगाव आणि औंढ्याच्या खेड्यांत फिरणाऱ्या कार्यकर्तीकडे जुना अँड्रॉइड फोन, तोही कधी कधी घरात दोघांतिघांचा मिळून. कार्यालयात कुणी दिलेला जुना संगणक. आयफोन एकीकडेही नाही. आयफोनसाठी अ‍ॅप करायचं तर मॅक संगणक लागतो आणि अ‍ॅपलला वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. तो पर्याय आम्ही तिथेच खोडला. मग कुणी म्हणालं, सगळं वेबसाइटवरच ठेवा, कोणत्याही यंत्रावर उघडेल. पण ज्या वस्तीवर रेंज येत नाही तिथे काय करायचं? आणि ब्राउझरनं फोनमध्ये साठवलेलं, जागा कमी पडली की ब्राउझरच पुसून टाकू शकतो. म्हणून ठरलं की आधी अँड्रॉइड, मग कार्यालयाचा संगणक, आणि दोन्हीकडे नेटशिवाय चाललं पाहिजे. यादीची सुरुवात सगळ्यात जुन्या फोनवालीपासून केली, हे लक्षात ठेवा. वरून सुरुवात केली असती तर ती शेवटपर्यंत यादीत आलीच नसती.

तिसरा प्रश्न अवजारांचा. एकच अ‍ॅप दोन यंत्रांसाठी दोनदा लिहायचं तर दुप्पट काम. एकदाच लिहून दोन्हीकडे चालवायचं तर त्यासाठी तयार संच मिळतात. २०१३ पासूनचं इलेक्ट्रॉन आहे; त्यात अ‍ॅपबरोबर अख्खा ब्राउझरच येतो. मराठी छान दिसतं, पण जुन्या संगणकाला ते ओझं होतं आणि फोनवर ते चालत नाही. १९९५ पासूनचं क्यूट आहे. ते हलकं, पण त्यात काम करणारी माणसं आम्हाला मिळेनात. २०१८ च्या डिसेंबरात पक्क्या रूपात आलेलं फ्लटर फोनवर चालतं, संगणकावरही चालतं. आम्ही ते घेतलं. उद्या दुसरी संस्था दुसरं घेईल, त्यात चूक काही नाही. मात्र घेण्याआधी आपली परीक्षा लावा.

आमची परीक्षा मराठीची होती. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. नवऱ्यानं दुसऱ्या बाईशी लग्न लावलं, अशा किती केसेस आल्या ते शोधायचं होतं. शोध घेतला तर काहीच नोंदी सापडल्या, बाकीच्या गायब. कारण ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कळफलकावर नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यावर साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला निराळे. मग शोधण्याआधी दोन्ही रूपं एक करून घ्यायचं आज्ञावलीत लिहून घेतलं. तसंच यादीचं. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या मागोमाग येतो, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. म्हणून यंत्र ‘काळे’ आधी लावतं आणि ‘कावळे’ नंतर. हे त्या पोरांना माहीत नव्हतं असं नाही, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. फोन घरात कुणाच्याही हातात पडतो. नोंदी ठेवायला आम्ही एसक्यूलाइट वापरतो. ते २००० सालापासून आहे, कुणाच्याही मालकीचं नाही, फुकट आहे. पण त्याला स्वतःचं कुलूप नसतं, ते वेगळं बसवावं लागतं. ते आम्ही बसवून घेतलं. अ‍ॅपचं नाव आणि चित्र साधं ठेवलं. सूचना बंद ठेवल्या, आणि अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपच्या यादीत नोंदीचं चित्र दिसू नये ही अँड्रॉइडमधली सोय चालू करून घेतली. पण कुलूप लावलं की किल्लीचा प्रश्न येतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून जपले, ते शतकानुशतकं बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. आपली किल्ली एकीच्याच डोक्यात राहिली आणि ती आजारी पडली, तर आपली नोंद आपल्यालाच परकी होईल. म्हणून संकेतशब्द दोघींकडे असतो, आणि एक प्रत कागदावर, कपाटात.

हे सगळं कशासाठी? २६ ऑक्टोबर २००६ पासून कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा लागू आहे. कोर्टात बाई उभी राहते तेव्हा विचारतात, केव्हा मारलं? किती वेळा? कुणाला सांगितलंत? तेव्हा तारीखवार नोंद तिच्या बाजूनं बोलते. ती नोंद अर्धी सापडली, किंवा नको त्याच्या हाती लागली, तर भोगते ती बाई. अ‍ॅप बनवणारा भोगत नाही, आणि आपणही नाही.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या गटात कुणाकडे कोणता फोन आहे आणि तो आणखी कोण हाताळतं, याची यादी करा. मग संगणकवाल्यांना बोलवा. आपल्या वह्या त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, आमची ही नोंद वीस वर्षांनी वाचता येईल का? त्याचं नीट उत्तर मिळेपर्यंत कपाटातल्या वह्या फेकू नका.