पॅरिस : चार ऋतूंत



आम्हा होमिओपॅथांचा रुग्णाला पहिला प्रश्न असतो, काय होते आहे? दुसरा लगेच येतो, त्रास कशाने वाढतो? थंडीने की उन्हाने, रात्री की पहाटे? दुखणे एकच असले तरी या उत्तरांवरून माणूस ओळखता येतो. माझी लेक नोकरीनिमित्त पॅरिसला असते. त्यामुळे ते शहर मला चारही ऋतूंत पाहायला मिळाले, आणि सवयीने मी त्यालाही हाच प्रश्न विचारत गेलो.

आपल्याकडची मंडळी बहुधा मे-जूनमध्ये तिकडे जातात. तेव्हा पॅरिस खरोखर देखणे असते. चेस्टनटच्या झाडांवर फुलोरा येऊन गेलेला असतो, सीन नदीचे काठ माणसांनी भरलेले असतात. आम्ही जैन सूर्यास्तापूर्वी जेवणारे. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे नऊला पान वाढले तरी नियम पाळला जातो! डिसेंबरात मात्र पाचच्या आत अंधार पडतो आणि साडेचारला ताटावर बसावे लागते. उन्हाळ्यात सोळा तासांचा दिवस, हिवाळ्यात जेमतेम सव्वाआठ तासांचा. एवढा फरक ज्या गावाच्या वाट्याला येतो, त्याचा स्वभाव एका सहलीत कसा कळणार?

ऑगस्टमध्ये पॅरिसकर गाव सोडतात. कुणी समुद्रावर, कुणी डोंगरात. गल्लीतल्या पावाच्या दुकानावर ‘सुट्टी’ची पाटी लागते. अशाच ऑगस्टमध्ये, २००३ साली, उष्णतेची मोठी लाट आली. पॅरिसची घरे थंडी अडवण्यासाठी बांधलेली. छपरांवर जस्ताचे पत्रे आणि त्यांच्या लगेच खाली छोट्या खोल्या. पूर्वी तिथे नोकरमाणसे राहत, पुढे कमी भाड्यात राहणारे एकटे म्हातारेही आले. रात्रीसुद्धा त्या खोल्या निवत नव्हत्या. त्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसे दगावली, त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. मुले सुट्टीवर, शेजारी सुट्टीवर, पुष्कळसे डॉक्टरही सुट्टीवर. ज्यांचे देह न्यायला कुणीच आले नाही अशा ५७ जणांना ३ सप्टेंबरला शहराबाहेर तिये इथे पुरण्यात आले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः हजर होते.

डॉक्टर म्हणून मला यात उन्हापेक्षा एकटेपण जास्त दिसते. ऊन फक्त निमित्त झाले. त्यानंतर पॅरिस महापालिकेने एकट्या वृद्धांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. लाट आली की त्यांना फोन करून विचारपूस होते. दुखणे कशाने वाढते हे कळल्यावर केलेला हा उपाय.

नोव्हेंबरात हेच शहर वेगळे भेटते. १ नोव्हेंबरला लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर जातात. पेर लाशेझ या दफनभूमीत मीही गेलो, कारण आमच्या शास्त्राचे जनक हानेमान तिथे आहेत. ऐंशीच्या घरात आल्यावर, १८३५ साली, हा जर्मन वैद्य पॅरिसला आला आणि १८४३ मध्ये वारला. आधी त्यांना मोंमार्त्रला पुरले होते, १८९८ मध्ये इथे आणले. ओल्या पानांचा खच, धुके, आणि गुडघे सांभाळत चढ चढणाऱ्या आज्या. जूनच्या गर्दीत हे पॅरिस दिसत नाही.

हिवाळ्यात नदी बोलते. जानेवारी १९१० मध्ये सीन साडेआठ मीटरच्या वर चढली, भुयारी रेल्वेत पाणी शिरले. आल्मा पुलाशी झुआव्ह सैनिकाचा दगडी पुतळा आहे. त्याच्या पायांना पाणी लागले की लोक चिंतेत पडतात. त्या वर्षी ते त्याच्या खांद्यांपर्यंत पोहोचले होते. आपण कृष्णेचा पूर याच रीतीने घाटाच्या पायऱ्यांवर मोजतो.

श्रोतेहो, आमचे मुनिमहाराज पावसाचे चार महिने एका गावी थांबतात, तेव्हा ते गाव त्यांना घराघरानिशी कळते. आपल्याला तेवढे थांबता येणार नाही. पण मुलांनी तिकीट काढायचे म्हटले, तर एकदा तरी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी सांगा. विमानाचे भाडे बहुधा कमी पडते, रांगा लहान असतात, आणि दुकानदाराला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते.

आणि एक विनंती. आपल्या बेळगावातही कित्येक घरांत आता आईवडीलच उरले आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात. बाहेर दोन-दोन दिवस पावसाची झड असताना, किंवा मे महिन्यात सगळी गल्ली गावाला गेलेली असताना, त्यांच्या दारावर कोण थाप मारतो? आपल्या मंडळाकडे सभासदांची यादी आहेच. तिच्यातून सत्तरीपुढच्या, एकट्या राहणाऱ्यांची नावे वेगळी काढायला एक संध्याकाळ पुरेल. त्या कामाला मी येईन.