अडलेल्यांच्या रांगेत

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



रास्ता रोको आपल्याला नवा नाही. १९८० साली नाशिक जिल्ह्यातला शेतकरी कांदा आणि उसाच्या भावासाठी मुंबई-आग्रा रस्त्यावर बसला. तेव्हापासून आपण कितीदा तरी रस्त्यावर बसलो. पण दरवेळी अडवणारे आपण आणि अडलेले दुसरे. आज सांगायचे आहे ते उलटे. रस्ता शेतकऱ्यांनीच अडवला होता आणि अडलेल्यांच्या रांगेत आम्ही होतो.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही तिघे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात होतो. पाठीवर एकेक पिशवी आणि खिशात मोजके पैसे. अँडीजचा डोंगर म्हणजे बटाट्याचे माहेर. तिथली शेती पाहायची, माचू पिच्चूचे जुने दगडी शहर पाहायचे आणि घरी यायचे, एवढाच बेत.

७ डिसेंबरला सगळे फिरले. पेद्रो कास्तियो हा खेड्यातला शाळामास्तर, शेतकऱ्याचा मुलगा, २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला होता. त्या दिवशी त्याने संसद बरखास्त केल्याचे जाहीर केले. तसे करणे घटनेत बसत नव्हते. संसदेने त्याच दिवशी त्याला काढले आणि त्याला अटक झाली. उपाध्यक्ष दिना बोलुआर्ते त्याच्या जागी आल्या. डोंगरातली खेडी म्हणाली, मत आमचे, माणूस आम्ही निवडलेला. आता संसदही घरी जाऊ द्या आणि नव्याने निवडणूक घ्या.

राग एका दिवसाचा नव्हता. त्याच वर्षी युक्रेनच्या लढाईमुळे युरियाचे भाव भडकले होते. तिथे युरिया बाहेरून येतो, आणि त्यातला बराचसा रशियातून येत असे. सरकारचे खरेदीचे प्रयत्न एकामागून एक फसले. शेतकऱ्याच्याच नावाने निवडून आलेल्या सरकारच्या काळात हे झाले, हेही ध्यानात ठेवा.

कुस्कोचा विमानतळ काही दिवस बंद पडला. माचू पिच्चूच्या पायथ्याच्या गावाला मोटारीचा रस्ता नाही, आगगाडीच आहे. तीही थांबली. शेकडो प्रवासी तिथे अडकले. काहीजण रुळांवरून चालत निघाले. आम्ही पुनोकडे जाणारी बस धरली होती. ती वाटेत उभी राहिली. पुढे दगड, निलगिरीचे ओंडके, जळते टायर.

पहिल्या दिवशी आम्हीही चिडलो, हे कबूल करतो. परतीचे तिकीट बुडणार होते. आयुष्यभर रास्ता रोकोच्या घोषणा दिलेली माणसे आम्ही. पण स्वतःची गाडी अडली की तोंडात भाषा येते ती शहरातल्या बाबूची.

दुसऱ्या दिवशी एका म्हातारीने पदरातले उकडलेले बटाटे आमच्या हातावर ठेवले. आमच्यातल्या एकाला मोडकीतोडकी स्पॅनिश येत होती. तिने विचारले, "तुमच्याकडे शेतकरी रस्ता अडवतात का?" आम्ही म्हणालो, अडवतात. ती म्हणाली, "मग तुम्हाला काय समजावून सांगायचे!"

किती दिवस बसाल, असे आम्ही विचारले. ती हसली. घरी चुन्यो आहे, म्हणाली. चुन्यो म्हणजे थंडीच्या रात्री गोठवलेला, पायाने तुडवून पाणी काढलेला आणि उन्हात वाळवलेला बटाटा. तो वर्षानुवर्षे टिकतो. आम्हाला ज्वारीचे पेव आठवले. ज्याच्या पेवात दाणा आहे, तोच रस्त्यावर दम धरतो. भाव पडला तरी ज्याला माल आजच विकावा लागतो, त्याचे आंदोलन संध्याकाळी संपते.

पण त्याच रांगेत टमाट्याचा एक ट्रक होता. खालून पाणी गळत होते. ड्रायव्हर म्हणाला, माल माझा नाही, पण ज्याचा आहे तोही शेतकरीच. त्याला कोणाकडे उत्तर नव्हते. त्या आंदोलनात दवाखान्यात वेळेवर न पोचल्यामुळे माणसे दगावल्याच्याही नोंदी झाल्या. हे लपवून आपले भले होणार नाही.

आणखी एक हिशेब ऐका. जानेवारी २०२३ मध्ये माचू पिच्चू बंद झाले, चारशेवर प्रवासी अडकले, आणि ती बातमी जगभर गेली. ९ जानेवारीला हुलियाका शहरात एका दिवसात १७ नागरिक मारले गेले. त्या आंदोलनात सुरक्षा दलांशी झालेल्या झटापटींत जवळपास ५० नागरिकांचे जीव गेले. ती नावे इथे कोणाला माहीत आहेत? अडकलेला प्रवासी बातमी होतो. मेलेला शेतकरी आकडा होतो. आम्ही घरी पोचलो तेव्हा गावानेही पहिल्यांदा हेच विचारले, तुमचे फार हाल झाले का? आमचे हाल म्हणजे पाच दिवसांचा उशीर आणि एक तिकीट.

म्हणून या मेळाव्यापुढे आमचे मागणे एवढेच. पुढचा रास्ता रोको ठरेल तेव्हा तारखेबरोबर तीन माणसांची नावेही ठरवा. एकाने आजाऱ्याची गाडी आणि बाळंतिणीची गाडी सोडायची. एकाने नासका माल अडवायचा नाही. तो आपल्याच भावाचा असतो. आणि तिसऱ्याने पाण्याची घागर घेऊन रांगेतल्या प्रत्येक गाडीपाशी जायचे, आपण का बसलो ते सांगायचे, आणि समोरचा शिव्या देईल त्या ऐकून घ्यायच्या.

हे तिसरे काम सर्वांत अवघड. ते आम्हाला द्या. त्या रांगेत आम्ही उभे राहून आलो आहोत.