व्हॉल्व्हची साखळी आणि मोजणारा हात



कामगार चळवळीतल्या माणसाने जुन्या मोटारीच्या इंजिनावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण इंजिन मालकाच्या दारात उभे राहण्यापूर्वी कामगाराच्या हाताखालून जाते. म्हणून हा विषय आम्ही आपलाच समजतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. टॅक्सी होऊन तिने मुंबईची माणसे वाहिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती त्या चाकरीतून निवृत्त झाली. आता एखादा हौशी गृहस्थ घरच्या डिलाइटचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन अधिक वेगवान करू पाहतो. हे काम आमच्या भाईंदर पूर्वेच्या गाळ्यातल्या एखाद्या टर्नरकडे आले, की पहिला प्रश्न उभा राहतो : भाग कोणते घ्यावेत?

या इंजिनात कॅमशाफ्ट खाली असतो. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. मिटवण्याचे काम मात्र एकट्या स्प्रिंगचे. इंजिनाचे मिनिटाला ६००० फेरे झाले, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. फेरे ५००० वरून ६००० वर नेले, तर वेग पाचव्या हिश्श्याने वाढतो. पण या भागांना आवरण्यास लागणारा जोर ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तेथे स्प्रिंग अपुरी पडली, की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो.

मग सर्वांत कडक स्प्रिंग घ्यावी काय? मुळीच नाही. वाजवीपेक्षा अधिक दाब कॅम आणि टॅपेट झिजवतो. म्हणून आधी गाडी कोठे चालणार, ते ठरवावे. घोडबंदर रस्त्याच्या गर्दीत चालायची असेल, तर शर्यतीचा कॅम तिला कमी फेऱ्यांत दमवील. कॅम ठरला, की त्याला साजेशी स्प्रिंग. मग रॉकर आणि पुशरॉडची लांबी. नव्या कॅमवर जुने टॅपेट बसवू नयेत. वजन घटवायचे तर व्हॉल्व्हच्या बाजूचे आधी घटवावे.

एवढ्याने भागत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असता स्प्रिंगच्या वेढ्यांत मिळून एक-दीड मिलिमीटर मोकळीक उरली पाहिजे. पिस्टनवर मुलांच्या खेळातली मऊ माती थापून इंजिन हाताने फिरवावे, हेड उतरवावे आणि ठशापाशी उरलेली जाडी मोजावी. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद हवी असेल, तर इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. तेव्हा नोंद हवी की वेग, हे पैसे मोडण्यापूर्वीच ठरवावे.

आता आमचे मुख्य म्हणणे. मालक परदेशी कॅमला मागाल ती किंमत देतो, आणि दिवसभर मोजमाप करणाऱ्या कारागिराशी शे-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. ‘त्यात काय, नुसते मोजलेच ना!’ असे म्हणतो. पण सुटे भाग बाजारात मिळतात. त्यांचा एकमेकांशी मेळ बाजारात मिळत नाही. तो मोजणाऱ्याच्या हातून बसतो. मोजणे हे काम आहे, आणि कामाला दाम आहे. बिलात मोजणीची मजुरी वेगळी लिहिली गेली पाहिजे, आणि त्या कारागिराच्या शेजारी एक शिकाऊ मुलगा उभा राहिला पाहिजे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामागे हाच विचार आहे. भाग पुन्हा ओतता येतील. न शिकवता गेलेला हात पुन्हा ओतता येणार नाही.