यहूदाचें पत्र आणि हनोखाचा ग्रंथ
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



नव्या करारांतील यहूदाचें पत्र अवघ्या २५ ओव्यांचें आहे. मिस्साबलीच्या वाचनांत त्याचा शेवटचा भाग तेवढा येतो. म्हणून त्यांतील एक नवलाची गोष्ट बहुतेकांच्या कानींच पडत नाहीं. १४ व १५ ह्या ओव्यांत प्रेषित, आदामापासून सातवा जो हनोख, त्याची भविष्यवाणी सांगतो. प्रभु असंख्य पवित्र जनांसह न्याय करावयास येत आहे, असा तिचा आशय. आतां उत्पत्तीचें पुस्तक उघडून पाहावें. हनोख देवाच्या सहवासांत चालला व देवानें त्यास नेलें, एवढेंच तेथें आहे. भविष्यवाणीचें नांवहि नाहीं. मग प्रेषितानें ती आणिली कोठून?

हनोखाच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, ख्रिस्तजन्मापूर्वीं रचिलेल्या एका यहुदी ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत ती जवळजवळ शब्दशः आढळते. हा ग्रंथ आमच्या पवित्र शास्त्रांत नाहीं. ९ व्या ओवींत मोशेच्या देहावरून मीखाएल व सैतान यांचा वाद आहे. तोहि अशाच एका शास्त्राबाहेरील ग्रंथांतून घेतला आहे, असें ओरिजेन सांगतो.

हें ऐकून श्रद्धावंताचें मन कचरतें. जें शास्त्र नव्हे, त्याचा आधार शास्त्र कसें घेतें? शंका जुनीच आहे. संत जेरोम यानें चवथ्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेविलें आहे कीं, ह्याच कारणास्तव पुष्कळ जण यहूदाचें पत्रच नाकारीत. तथापि प्राचीनत्व व नित्य वापर यांमुळें त्यास शास्त्रांत स्थान मिळालें. म्हणजे एका उताऱ्यापायीं सबंध पत्र हातचें जाण्याची वेळ आली होती! तेर्तुलियन दुसऱ्या टोंकास गेला: पत्र साक्ष देतें, सबब हनोखाचा ग्रंथहि स्वीकारावा, असें तो म्हणे. हा उतावीळपणा आम्हांस पटत नाहीं. संत पौलानें अथेन्स येथें अरातस ह्या ग्रीक कवीचा चरण उद्धृत केला, म्हणून त्याचें काव्य कोणी वेदीवर नेलें नाहीं. ऑगस्टीनचा निवाडा अधिक समतोल आहे: हनोखानें कांहीं दैवी लिहिलें, हें यहूदाच्या साक्षीमुळें नाकारतां येत नाहीं, पण त्याच्या नांवावर फिरणारे ग्रंथ प्रमाण नव्हेत. १५४६ मध्यें त्रेंत धर्मपरिषदेनें शास्त्रग्रंथांची यादी ठरविली, तींत यहूदाचें पत्र आहे, हनोखाचा ग्रंथ नाहीं.

ख्रिस्तसभेनें हे ग्रंथ दडविले, असा बोभाटा हल्लीं तरुणांच्या कानीं येतो. वस्तुतः हनोखाचा सबंध ग्रंथ वांचविला तो ख्रिस्ती लोकांनींच. इथिओपियाच्या मंडळीनें गीझ भाषेंत तो जतन केला, आणि ती त्यास आजहि शास्त्र मानते. तेथून जेम्स ब्रूस नामक प्रवाशानें १७७३ मध्यें त्याच्या प्रती युरोपांत आणिल्या. पुढें १९५२ मध्यें मृत समुद्राजवळ कुमरानच्या चवथ्या गुहेंत त्याचे अरामी तुकडे सांपडले. त्यांपैकीं एकावर हीच भविष्यवाणी तुटक रूपांत आहे.

ज्यांस हनोखाचा ग्रंथ पाहावयाचा असेल, त्यांनीं प्रथम यहूदाचें पत्र वाचावें. मिस्सेची पहिली व दुसरी घंटा यांच्या दरम्यान संपेल, इतकें तें लहान आहे.