माध्यमिक शाळेतील गणित आणि उद्याचा शिक्षक



इंदूरच्या वायव्येस सुमारे चाळीस किलोमीटरांवर देपालपूर हे तहसिलीचे गाव आहे. पूर्वी होळकर संस्थानात असलेला हा भाग काळ्या जमिनीचा असून सोयाबीन, गहू आणि हरभरा ही तेथील नित्याची पिके होत. अशा गावातील माध्यमिक शाळेत, नववीच्या वर्गापुढे, इंदूरच्या अध्यापक महाविद्यालयातून सरावपाठासाठी आलेला एक छात्राध्यापक उभा आहे, असे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. त्याचे पाठ टाचण नीटनेटके आहे, उद्दिष्टे क्रमवार लिहिली आहेत आणि रंगीत तक्ताही तयार आहे. फळ्यावर तो सूत्र लिहितो: दोन पदांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे पहिल्याचा वर्ग, अधिक दोघांच्या गुणाकाराची दुप्पट, अधिक दुसऱ्याचा वर्ग. मागच्या बाकावरील एक मुलगी विचारते, "दोघांचे वर्ग मिळविले की झाले, ही मधली दुप्पट कोठून आली?" छात्राध्यापक गुणाकार करून दाखवितो. मुलीचे समाधान होत नाही. घंटा होते. निरीक्षक प्राध्यापक शेऱ्यात लिहितात, "फळ्यावरील अक्षर सुवाच्य, वर्गनियंत्रण चांगले."

हे चित्र काल्पनिक असले, तरी त्यातील अडचण कोणत्याही अध्यापक महाविद्यालयाला अपरिचित नाही. मुलीचा प्रश्न गणिताचा होता, तर छात्राध्यापकाची तयारी पाठ सादर करण्याची होती. या दोहोंतील अंतर कसे भरून काढावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीच्या घरापासून फार दूर नाही. पन्नास मीटर बाजूचे एक चौरस शेत घ्यावे आणि त्याची प्रत्येक बाजू दहा मीटरांनी वाढवावी. नवे क्षेत्रफळ साठाचा वर्ग, म्हणजे ३,६०० चौरस मीटर. नुसते वर्ग मिळविले, तर २,५०० आणि १०० मिळून २,६०० होतात. मग उरलेले १,००० चौरस मीटर कोठे गेले? जुन्या शेताच्या दोन बाजूंना पन्नास मीटर लांबीच्या आणि दहा मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या आहेत. प्रत्येकीचे क्षेत्रफळ ५००. मधली दुप्पट ती हीच. बिघ्यांच्या आणि बांधांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलीला एवढे पुरे होते. परंतु हे सांगण्यासाठी शिक्षकाला स्वतःला ते सूत्र क्षेत्रफळाच्या रूपात दिसलेले असावे लागते. पदवी परीक्षेत याहून कितीतरी कठीण गणिते सोडविलेल्या छात्राध्यापकालाही ते दिसलेले असतेच असे नाही.

येथे आशयज्ञान आणि अध्यापनपद्धती यांच्यामध्ये असलेल्या एका तिसऱ्या ज्ञानाचा विचार करावा लागतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली त्याकडे विशेष लक्ष वेधले. एखादी कल्पना विद्यार्थ्याला कोणत्या उदाहरणाने पटेल, तो कोठे चुकेल आणि का चुकेल, हे ते ज्ञान होय. लिपिंग मा यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ अमेरिकन आणि ७२ चिनी शिक्षकांना एक साधा भागाकार दिला होता: पावणेदोनला अर्ध्याने भागणे, आणि त्यावर एखादे व्यवहारातले उदाहरण रचणे. चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर आले. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांचे आले, आणि योग्य उदाहरण तर त्यांच्यातील एकालाच रचता आले. विशेष हे की, त्या चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी पाठ करणाऱ्या पिढ्यांना मात्र हे उदाहरण शोधावे लागले नसते. पावणेदोन किलो गुळाच्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या पुड्या बांधल्या, तर तीन पुड्या होतात आणि चवथी अर्धी भरते. उत्तर साडेतीन. भाषेत आणि बाजारात जे गणित आधीपासून आहे, ते वर्गात आणता येणे हे शिक्षकाच्या तयारीचे एक महत्त्वाचे अंग आहे.

माळव्याच्या या भूमीत असा प्रयत्न पूर्वी झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चवथ्या दशकात भोपाळ दरबारचे ब्रिटिश राजकीय प्रतिनिधी लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी सिहोर येथील पाठशाळेत खगोल आणि गणित शिकविण्यासाठी भास्कराचार्यांच्या सिद्धान्तग्रंथांचा आधार घेतला. नवे ज्ञान परके म्हणून लादण्यापेक्षा, विद्यार्थी ज्या ग्रंथांना मान देतात त्यांच्यापासून आरंभ करून त्यांना पुढे न्यावे, अशी त्यांची दृष्टी होती. तेथील पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ साली याच धोरणाने मराठीत ग्रंथ लिहिला. पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात नावारूपाला आलेले बापूदेवशास्त्री हे याच पाठशाळेचे विद्यार्थी होत. मुंबईत, एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे अध्यापन केलेल्या बाळशास्त्री जांभेकरांकडे १८४५ साली प्राथमिक शिक्षकांसाठी काढलेल्या अध्यापनवर्गाची सूत्रे होती. आणखी मागे गेले, तर चाळीसगावाजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे इ. स. १२०७ च्या शिलालेखावरून कळते. गणित शिकविण्याची स्वतंत्र व्यवस्था हवी, हा विचार या देशात नवा नाही.

मग अडते कोठे? पहिली अडचण सरावपाठांच्या स्वरूपात आहे. छात्राध्यापक सोपा घटक निवडतो, पाठ घोटून घेतो आणि तो निर्विघ्न पार पडला की मोकळा होतो. ज्या पाठात एकही विद्यार्थी चुकत नाही, त्या पाठातून शिक्षक काहीही शिकत नाही. एक-द्वितीयांश आणि एक-तृतीयांश यांची बेरीज दोन-पंचमांश असे उत्तर आले, तर ते केवळ खोडू नये. "दोन-पंचमांश हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?" एवढेच विचारावे. लहान आहे, हे ध्यानात येताच विद्यार्थी स्वतःच थबकतो. कारण अर्ध्यात काही मिळविल्यावर ते अर्ध्याहून कमी होत नाही, हे त्याला ठाऊक असते. चूक हा विद्यार्थ्याच्या विचाराचा माग आहे आणि तो काढण्याची सवय प्रशिक्षणातच लागली पाहिजे. प्रत्येक छात्राध्यापकाने टाचणवहीबरोबर विद्यार्थ्यांच्या चुकांचीही एक वही ठेवावी, हा उपाय बिनखर्चाचा आहे.

दुसरी अडचण नियमांच्या कारणांची आहे. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे सर्वांना पाठ असते. का, असे विचारले की बहुतेकजण गप्प होतात. उणे दोनला तीनने गुणले तर उणे सहा, दोनने उणे चार, एकाने उणे दोन, शून्याने शून्य. दर पायरीला उत्तर दोनाने वाढते. मग उणे एकाने गुणल्यावर अधिक दोन येणे क्रमप्राप्तच आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये हे नियम मांडताना धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज हेच शब्द योजिले होते, आणि ते आजही वर्गात आहेत. त्यांचा अर्थ मात्र वर्गाबाहेर राहिला आहे.

तिसरी अडचण भाषेची. देपालपूरच्या मुलाच्या घरी माळवी बोलली जाते आणि पुस्तक हिंदीत असते. इंदूरच्या मराठी घरातील छात्राध्यापक लहानपणापासून अपूर्णांक, दशांश, काटकोन हे शब्द ऐकत आलेला असतो. येथे त्याला भिन्न, दशमलव, समकोण म्हणावे लागते. महाराष्ट्राच्या सीमाभागातील आणि आदिवासी भागांतील शिक्षकांपुढेही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. संज्ञा कोणतीही असो, तिच्यामागील वस्तू आधी दाखवावी आणि नाव मागाहून द्यावे, हा क्रम पाळला तर भाषेची अडचण बरीच हलकी होते.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत गणित सर्वांना असावे अशी शिफारस केली, आणि अध्यापक महाविद्यालये शाळांपासून तुटलेली आहेत, हा दोषही दाखविला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी. एड. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि शालेय आंतरवासितेला त्यात मोठे स्थान दिले. कालावधी वाढला, हे स्वागतार्ह आहे. तथापि त्या आठवड्यांत छात्राध्यापकाने नेमके काय करावयाचे, यावर सर्व काही अवलंबून राहील. शहरातील सोयीच्या शाळेत रिकामे तास भरून काढणे म्हणजे आंतरवासिता नव्हे. तिचा काही काळ तहसिलीच्या गावातील शाळेत, एका अनुभवी शिक्षकाच्या सोबतीने जावा. चार छात्राध्यापकांनी मिळून एक पाठ तयार करावा, एकाने तो शिकवावा, इतरांनी विद्यार्थ्यांच्या वह्यांकडे लक्ष ठेवावे, आणि चर्चेनंतर सुधारलेला तोच पाठ दुसऱ्या तुकडीत पुन्हा घ्यावा. जपानमधील शिक्षक अनेक दशके असाच पाठाभ्यास करीत आले आहेत.

प्रशिक्षण पदवीबरोबर संपत नाही, हे मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या उपक्रमाने दाखवून दिले. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत तो सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तो सांभाळला. तेथे विषय विज्ञानाचा होता, परंतु तत्त्व सर्वच विषयांना लागू आहे. विद्यार्थ्यांनी करावयाचे प्रयोग शिक्षक आधी स्वतः करीत, आणि वर्गातील अडचणी घेऊन मासिक बैठकांना येत. २००२ साली शासनाच्या निर्णयाने तो उपक्रम बंद झाला. त्या बैठकांची गरज मात्र संपलेली नाही.

शेवटी, शिक्षक स्वतः गणिताचा विद्यार्थी राहिला पाहिजे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिकविणारे द. रा. कापरेकर यांचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२ आणि नंतर ६१७४ येते. कोणतीही संख्या घेतली, तरी सात पायऱ्यांच्या आत ६१७४ हाती लागते आणि तेथेच स्थिरावते. हा शोध लावण्यासाठी कापरेकरांना कोणतीही प्रयोगशाळा लागली नाही, कुतूहल पुरले. वजाबाकीचा कंटाळवाणा सराव याच एका खेळाने रंगतदार होतो.

दहावीत गणितात नापास झालेल्या खेड्यातील मुलापुढे तंत्रनिकेतनाचा मार्ग तेथेच बंद होतो, आणि मुलीचे तर पुष्कळदा शिक्षणच थांबते. मंडईत भाव प्रथम शेकडा दहाने चढला आणि मग शेकडा दहाने उतरला, तर चार हजारांचे तीन हजार नऊशे साठ होतात, हे ज्याला कळत नाही, त्याला ते चाळीस रुपये कोठे गेले हेही कळत नाही. देपालपूरच्या त्या मागच्या बाकावरील प्रश्नाला उत्तर मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे. ते उत्तर छात्राध्यापकाला सुचेल अशी त्याची तयारी करून घेणे, ही जबाबदारी प्रथम अध्यापक महाविद्यालयांची आहे. आणि ज्या दिवशी निरीक्षकाच्या शेऱ्यात अक्षराआधी त्या मुलीच्या प्रश्नाची नोंद होईल, त्या दिवशी ती पार पाडण्यास आरंभ झाला असे समजावे.