आमची चांदणी : एका जुन्या ट्रकाची गोष्ट

(यंदाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मयापासून मधुमेहापर्यंत अनेक विषय झाले. ट्रकावर व्याख्यान पहिल्यांदाच होत असावे. चिटणीसांनी फोन करून सांगितले, "काका, तुमच्या त्या गाडीवरच बोला, लोक विचारत असतात." म्हणून हे धाडस. मी काही वक्ता नाही. कारखान्यात छत्तीस वर्षे नोकरी केली आणि 2019 मध्ये निवृत्त झालो. त्यामुळे बोलण्यात नट-बोल्ट जास्त आले तर सांभाळून घ्या.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्या गावाचा आहे. टेल्कोची स्थापना 1945 ची. सुरुवातीला तिथे रेल्वेची वाफेची इंजिने बनत. 1954 मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपुरात ट्रक तयार होऊ लागले. त्यांच्या जाळीवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे. 1969 मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी टाटांचा 'टी' आला. 2003 मध्ये कंपनीचे नावही टाटा मोटर्स झाले, पण आपल्या तोंडी अजून टेल्कोच आहे. या सगळ्या घडणीमागे एक मराठी माणूस होता, सुमंत मुळगावकर. 'सुमो' गाडीचे नाव त्यांच्याच नावा-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडले, हे इथल्या मुलांना माहीत असावे म्हणून मुद्दाम सांगतो.

आमचा ट्रक चांदणीच्या काळातला. साल 1961, मॉडेल एल 312, पुढे नाक असलेला. त्याच वर्षी टेल्कोचे ट्रक पहिल्यांदा परदेशी, म्हणजे तेव्हाच्या सिलोनला गेले. इंजिन सहा सिलिंडरचे डिझेल, बोअर 90 मिलिमीटर, स्ट्रोक 120, म्हणजे सुमारे 4.58 लिटर. आज एखादी मोठी मोटारसुद्धा यापेक्षा जास्त ताकद दाखवते. पण ही गाडी पाच टनांच्या आसपास माल घेऊन घाट चढत असे, आणि तेही कुरकुर न करता.

आमचे आजोबा, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, चिपळूणकडून इथे फिटर म्हणून आले. नोकरी सोडून त्यांनी वाहतुकीचा धंदा धरला तेव्हा घरात कोणालाच ते पटले नव्हते. ट्रकाचा पहिला हप्ता आजीच्या पाटल्या आणि गोठ मोडून भरला गेला. तेव्हा कारखान्यातून नुसती चॅसी मिळे. केबिन आणि हौदा बाहेरच्या सुताराकडून आणि लोहाराकडून बांधून घ्यावा लागे. आमचा हौदा सालाच्या लाकडाचा. त्यातून विटा, स्वर्णरेखेची वाळू, झरियाचा कोळसा, लग्नाची वऱ्हाडे, सगळे गेले. माझ्या वडिलांचे आणि दोन काकांचे शिक्षण, तीन आत्यांची लग्ने या गाडीने केली. सत्तरच्या दशकात आपल्या मंडळाची मूर्ती विसर्जनाला याच गाडीतून नदीवर जाई. समोर बसलेल्या काही जणांनी तेव्हा हौद्यात उभे राहून लेझीम खेळलेली आहे, मला ठाऊक आहे!

1988 मध्ये गाडी थांबली. वडिलांना धंदा झेपेना आणि नवे ट्रक जास्त माल ओढू लागले होते. मानगोमधल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी राहिली ती तेहतीस वर्षे. मधल्या काळात बिहारचे झारखंड झाले, नंबर प्लेट मात्र बिहारचीच राहिली.

2021 मध्ये शेडची जागा विकायची ठरली तेव्हा गाडीचा प्रश्न उभा राहिला. भंगारवाल्याने पंचाण्णव हजार सांगितले. आर.सी. बुकावर नाव अजून अण्णांचेच, आणि अण्णा 1979 मध्ये गेलेले. वारस आम्ही सात जण. कोणी पुण्यात, कोणी भिलाईत, एक बहीण कॅनडात. फोनवर तीन रविवार चर्चा झाली. एका चुलत भावाचे म्हणणे अगदी व्यवहाराचे होते : "दादा, ज्याची गाडी तो गेला, ज्याने चालवली तोही गेला. आपण फक्त लोखंड सांभाळतोय." याला मी चटकन उत्तर देऊ शकलो नाही, कारण त्यात तथ्य होते. जुन्या मोटारी टिकतात, कारण त्या हौसेच्या असतात. दिल्लीत 1964 पासून जुन्या मोटारींची रॅली होते. ट्रक मात्र मरेपर्यंत राबवायचा, मग इंजिन काढून घ्यायचे, चॅसी कापायची आणि बाकी भट्टीत, हाच रिवाज. आणि भट्ट्यांची आपल्या गावात काय कमतरता? म्हणूनच या पिढीचे चालू ट्रक आज इतके दुर्मिळ झाले आहेत.

निर्णय फिरला तो अण्णांच्या वह्यांमुळे. शेड रिकामी करताना पत्र्याच्या पेटीत हिशेबाच्या अकरा वह्या सापडल्या. बरीच पाने मोडीत होती. आपल्या मंडळातल्या एका नव्वदीच्या आजींनी भिंग घेऊन ती मला वाचून दाखवली. कुठल्या फेरीत किती डिझेल लागले, कुठला पाटा तुटला, खलासीला किती उचल दिली, सगळे तारीखवार. 1967 च्या पानांवर पलामूच्या फेऱ्या आहेत. 1966-67 चा बिहारचा दुष्काळ जुन्या लोकांना आठवत असेल. पलामूला त्याची झळ फार बसली होती. आमची गाडी रांची, डाल्टनगंज या रस्त्याने धान्य घेऊन जात होती. एका फेरीत चॅसीचा उजवा दांडा तडकला. तिथल्याच लोहाराने पट्टी ठोकून रिवेट मारले आणि गाडी माल उतरवूनच परत आली. वहीत एवढीच नोंद आहे : "दांडा तडकला. पट्टी. मजुरी चौदा रुपये. माल पोचला." मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. पट्टी जागेवर होती, नऊच्या नऊ रिवेट शाबूत.

त्या पानाचा फोटो सातही जणांना पाठवला. त्याच रात्री पुण्याच्या भावाचा फोन आला, "ठेवू या. माझा हिस्सा किती?"

आता प्रत्यक्ष काम. आदित्यपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये गाडी ट्रेलरवर घालून नेली. तिथे मला भेटले मिस्त्री चाचा, वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. डिझेल पंपाच्या कामात उभा जन्म गेलेला. त्यांनी पहिली ताकीद दिली की स्टार्टरला हात लावायचा नाही. इतकी वर्षे उभे असलेले इंजिन एकदम फिरवले तर चिकटलेल्या रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. म्हणून सहाही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतले आणि आठ दिवस तसेच ठेवले. नवव्या दिवशी पुढच्या पुलीला पाना लावून हाताने जोर दिला. इंजिन बोटभर हलले, तेव्हा वर्कशॉपमधली चहावाल्याची पोरेसुद्धा टाळ्या वाजवू लागली.

पुढे हेड उघडले. चार सिलिंडर चांगले होते. दोघांचे व्हॉल्व्ह उघडे राहिल्याने दमट हवा आत जाऊन गंज धरला होता. त्यामुळे सगळेच बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवावे लागले. चेंबर खोलल्यावर तळाशी डांबरासारखा गाळ निघाला. डिझेलची टाकी आतून गंजलेली, वायरिंग उंदरांनी खाल्लेले. रेडिएटरचा गाभा नवा घालून घेतला. ब्रेकच्या बाबतीत काटकसर केली नाही. सगळी रबरे, पाइप आणि लायनिंग नवे. गाडी चालू होणे ही हौस आहे, पण थांबणे ही जबाबदारी.

खरी परीक्षा पंपाची होती. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे इथे बहुतेकांना माहीत आहे. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटते, आणि ते योग्य क्षणी, योग्य मापाने आणि धुक्यासारखे बारीक पडावे लागते. सहा सिलिंडरांना पंपाने सारखेच माप द्यायला हवे. चाचांनी पंप बेंचवर लावला, सहा नळ्यांखाली काचेची मापे ठेवली आणि अडीच दिवस ती समान पातळीवर आणत बसले. नोझलचा फवारा ते डोळ्यांनी बघत आणि कानांनीही ऐकत. नीट असेल तर बारीक किरकिर येते, खराब असेल तर थेंब गळतो. मी इंजिनिअर असूनही तो आवाजातला फरक मला पंधरा दिवसांनी कळू लागला.

याच सुमारास घरात दुसरा वाद झाला. तरुण मंडळींचे मत होते की नव्या ट्रकाचे इंजिन बसवावे, पॉवर स्टिअरिंग घालावे, झकास रंग द्यावा, जाळीला चकचकीत क्रोम करावे. खर्च जवळपास तेवढाच. मी चाचांना विचारले. ते हातातले काम न थांबवता म्हणाले, "बेटा, इसको नया मत बनाओ, ठीक करो." त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे सगळे निर्णय घेतले. जे निकामी होते ते बदलले, जे जुने पण धड होते ते ठेवले. हौद्याच्या बाजूच्या फळ्या कुजल्या होत्या त्या नव्या घातल्या, खालचे सालाचे दांडे तसेच आहेत. अॅक्सिलरेटरचे पेडल वडिलांच्या पायाने झिजून एका बाजूला पातळ झाले आहे, ते बदलले नाही. चॅसीवरची पलामूची पट्टी तपासून घेतली, मजबूत निघाली, ती तशीच ठेवली. सुंदर करायला घेतलेल्या कामाच्या गाडीवरून तिने केलेले काम पुसले जाऊ नये, एवढेच माझे या बाबतीतले म्हणणे आहे.

तीन वर्षे गेली. सहा लाख चाळीस हजार रुपये खर्च झाला, तो सात जणांत वाटला. 2024 च्या जानेवारीत ग्लो प्लग तापवून, पंपातली हवा काढून, चाचांनी स्टार्टर मारला. दोनदा नुसता पांढरा धूर. तिसऱ्यांदा एक, मग तीन, मग सहाही सिलिंडर लागले. आत्या फोनवर ऐकत होती. ती काही बोलली नाही, पण फोनही ठेवला नाही.

गाडी आता चालते. गिअरला सिंक्रोमेश नाही, खालच्या गिअरमध्ये येताना क्लच दोनदा दाबावा लागतो. माझी नात म्हणते की हा व्यायाम आहे. मात्र ती अजून आवाराबाहेर गेलेली नाही. कागदपत्रांचे काम चालू आहे. जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये वेगळे नियम केले. वाहन 50 वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात हवे, धंद्यासाठी वापरता येत नाही, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण त्यांचा रोख खाजगी दुचाकी आणि मोटारींवर आहे. मालवाहू ट्रकाला नेमका कोणता दरवाजा उघडतो, हे आम्ही वकिलांमार्फत विचारत आहोत. तोवर धीर धरायचा. वारसांची संमतीपत्रे मात्र पूर्ण झाली. ज्यांच्या घरी आजोबांच्या नावावर काही पडून आहे, मग ते शेत असो की स्कूटर, त्यांनी सगळे वारस हयात आणि बोलते असतानाच हे काम करून घ्यावे.

आता शेवटचे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. मिस्त्री चाचा गेल्या वर्षी गेले. पंप जुळवताना ते काय करत, हे मी आणि आदित्यपूरच्या आय.टी.आय.च्या दोन मुलांनी त्यांच्याशेजारी बसून लिहून घेतले होते, फोनवर चित्रणही केले होते. त्यातला एक मुलगा आज त्याच बेंचवर काम करतो. सुटे भाग लेथवर करून मिळतात, पिस्टन शोधला की सापडतो. पण त्या हातांचे ज्ञान एकदा गेले की बाजारात मिळत नाही.

या सभागृहात टेल्कोच्या फाउंड्रीत, इंजिन विभागात, टूलरूममध्ये तीस-तीस वर्षे काढलेले किमान पंधरा जण मला दिसत आहेत. त्यांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे जुनी पार्ट्सची पुस्तके, वर्कशॉप मॅन्युअल, फोटो असतील तर रद्दीत घालू नका, मंडळाच्या वाचनालयात द्या. आणि तरुणांनी महिन्यातून एक रविवार यांच्याजवळ वही घेऊन बसावे. सुरुवात म्हणून मी अण्णांच्या अकरा वह्यांच्या छायाप्रती आज मंडळाला देत आहे. मोडी वाचणाऱ्या आजी अजून दर गुरुवारी वेळ द्यायला तयार आहेत, त्याचाही लाभ घ्यावा.

गाडी बघायला कोणीही, केव्हाही यावे. चहा मिळेल, मुलांना केबिनमध्ये बसता येईल आणि हॉर्नही वाजवता येईल.

  गणपती बाप्पा मोरया!